चौकोनी पिठ्ठू

सध्या माझी पोस्टिंग पालीला आहे. बिंदुसरा धरणाच्या खालच्या अंगाला दीड एकर रान, दोन म्हशी आणि एक कुत्रं एवढी माझी कमांड. पहाटे पाचला उठतो, धार काढतो, सात वाजता डेअरीवर दूध घालतो. चोवीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून बाहेर पडलो. गावात मला 'मेजर' म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. हवालदार आणि मेजर यांतला फरक समजावत बसलो तर म्हशी उपाशी राहतील.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बीडहून एक ट्रेकिंग ग्रुप माझ्याकडे आला. अकरा माणसं. जानेवारीत ते हिमालयात बर्फातला ट्रेक करणार होते. त्याआधी सराव म्हणून पाली ते कपिलधार डोंगरातून चालत जायचं, आणि सोबत एक माजी सैनिक असावा असं त्यांचं ठरलं होतं. सैनिक कशाला हवा होता ते मला पाच मिनिटांत कळलं. फोटोत मधोमध उभं करायला.

वेळ ठरली होती ०६३० ची. मंडळी आली ०७४० ला, कारण वाटेत पोहे खायचे होते. ग्रुपचे प्रमुख एक दातांचे डॉक्टर. त्यांच्या अंगात फुगीर जॅकेट होतं. उणे वीस डिग्रीतही माणूस उबदार राहतो असं त्याच्यावर लिहिलेलं त्यांनी मला वाचून दाखवलं. आमच्याकडे त्या सकाळी साधी हुडहुडी भरण्याइतकी थंडी होती. डॉक्टर जागेवर उभ्या उभ्या घामाघूम झाले होते. जॅकेटच्या आत दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती, ट्रेक झाल्यावर परत करता यावं म्हणून.

मी म्हणालो, "बॅगा उघडा."

"सर, आज कशाला?" डॉक्टर म्हणाले. "आज तर नुसतं जाऊन यायचंय."

"उघडा."

जे निघालं ते बघून माझं मन प्रसन्न झालं, कारण माणसांबद्दल माझा जो अंदाज असतो तो सहसा चुकत नाही. एकाकडे फोन चार्ज करायच्या तीन पेट्या होत्या आणि टॉर्च नव्हता. दुसऱ्याकडे डोक्याला बांधायचा टॉर्च होता, पण सेलच्या मधली प्लास्टिकची पट्टी काढलेलीच नव्हती. एकाने गिर्यारोहणाचा म्हणून जो दोर आणला होता त्यावर आमची मंडळी कपडे वाळत घालते. शिट्टी होती, पाकिटात बंद. काडेपेटी अकरा जणांत एक. बाकीच्यांना विचारलं तर म्हणाले, "आम्ही सिगारेट ओढत नाही सर." वाटाड्या चुकला तर किती वाजता मागे फिरायचं, आणि घरी कोणाला परतायची वेळ सांगून आलात, हे विचारल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

ती एक काडेपेटी ज्यांच्याकडे होती त्या सुरेखाबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. काडेपेटी औषधाच्या रिकाम्या बाटलीत घट्ट बंद केलेली. लोकरीचे मोज्यांचे दोन जोड दुधाच्या पिशवीत बांधलेले. गूळ-शेंगदाणे. बॅग जुनी, शिवलेली. त्यांना मी काही बोललो नाही. माझ्याकडून एवढीच शाबासकी मिळते.

शेवटी डॉक्टरांची बॅग. मोठी, ताठ, शिगोशीग भरलेली. मी ती दोन बोटांनी उचलली. आत उशा होत्या, दोन.

"फोटोत भरलेली दिसावी म्हणून," डॉक्टर म्हणाले आणि हसले. सगळेच हसले.

 एरवी अशा माणसाला मी कपिलधारपर्यंत सोलत नेला असता. पण अगदी असंच काम मी एकदा केलं होतं, आणि ते हसण्यावारी गेलं नव्हतं. ती बॅग ज्याच्या पाठीवर होती तो घाटनांदूरचा होता. तो त्या दिवशी का मेला हे त्याच्या घरच्यांना मी कधी सांगितलेलं नव्हतं. दरवर्षी त्या तारखेला मी त्यांच्याकडे जेवायला मात्र जात होतो.

कपिलधारला पोचल्यावर दर्शन झालं, फोटो झाले. मग देवळाच्या बाहेर सावलीला बसून मी त्या अकरा जणांना जे सांगितलं ते इथे लिहितो.

पोस्टचं नाव लिहीत नाही. उंची तेरा हजार फुटांच्या आसपास. दोन झोपड्या, एक बंकर, बावीस माणसं. मी तेव्हा नायक होतो. पोस्टचं सगळं किट, स्टोव्ह, दोर माझ्या ताब्यात. माझ्या हाताखाली लान्स नायक मन्मथ. घर लिंगायत, वडिलांचं घाटनांदूरला किराणा दुकान. एका जिल्ह्यातले म्हणून गळ्यात गळे घालावेत असं आमचं नव्हतं. पहिले सहा महिने आम्ही भांडलोच. तो हळू चालायचा आणि प्रश्न फार विचारायचा. मला तेव्हा हे दोन्ही दोष वाटत.

दिवस ठरलेला असायचा. ०५०० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर हजर. मग फावड्याने रात्रीचा बर्फ काढायचा. बर्फ वितळवून पाणी. संध्याकाळी पायांची तपासणी: बूट काढून प्रत्येकाने पाय दाखवायचे, बोट पांढरं दिसलं की ऊब द्यायची आणि पोस्टप्रमुख सुभेदार साहेबांना कळवायचं. ओले मोजे पोटाशी धरून वाळवायचे. एक दिवसाआड शेजारच्या पोस्टकडे लिंक पेट्रोल, म्हणजे गस्त. चार माणसं जाणार, अर्ध्या वाटेवर त्यांचे चार भेटणार, परत. ०९०० ला निघायचं आणि १४०० ला जेवायला हजर.

पेट्रोलसोबत एक सर्व्हायव्हल पिठ्ठू असतो. पिठ्ठू म्हणजे पाठीवरची मोठी पिशवी. त्यात दोन स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, रॉकेलची बाटली, प्लास्टिकमध्ये काडेपेटी, कोरडे मोजे, चहा, साखर आणि मेसटिन, म्हणजे पत्र्याचा डबा. बर्फात माणूस भिजला की ओलं काढायचं, कोरडं घालायचं, बॅगेत घालून वर गरम पाजायचं. यात कसलं शास्त्र नाही. आमच्याकडे म्हशीच्या पारडालाही हिवाळ्यात कोणी ओलं ठेवत नाही.

जानेवारीत निरोप आला की मोठे साहेब चॉपरने पोस्ट बघायला येणार. सुभेदार साहेब राजस्थानचे, कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "सब साफ-सुथरा रखना." बाकीची अक्कल आम्ही आमच्या पदरची लावली. वाटेच्या कडेचे दगड फौजेत चुन्याने रंगवतात. बर्फात चुना दिसणार नाही म्हणून आम्ही ते गेरूने रंगवले. रात्रीतून बर्फ पडला आणि दगडच दिसेनात. सकाळी बर्फ काढून पुन्हा रंगवले. बावीस धडधाकट माणसं तीन दिवस हे करत होती आणि त्यातल्या एकालाही हसू आलं नाही.

माझ्याकडे किटचं लेआउट होतं, म्हणजे तपासणीसाठी सामान मांडून ठेवायचं. बराकीत पिठ्ठू चौकोनी करायची जुनी रीत आहे. रेशनच्या खोक्यांचे पुठ्ठे मापाने कापायचे आणि आतून चारी बाजूंनी उभे करायचे. पिठ्ठू विटेसारखा उभा राहतो. सपाट मुलखात, परेडच्या दिवशी, याने कोणाचं काही बिघडत नाही. यात माझा हात कंपनीत कोणी धरत नव्हतं आणि मला त्याचा भारी ताठा होता. स्लीपिंग बॅगने पिठ्ठूला पोट येतं म्हणून दोन्ही बॅगा काढून मी कॉटवर घडी घालून मांडल्या. मोजेही तिथेच, ओळीने. स्टोव्ह राखेने घासून असा चकचकीत केला की त्यात तोंड दिसावं. त्यातलं रॉकेल काढलं, कारण पाझरतं आणि डाग पडतो. बाटलीही बाहेर. पिठ्ठूत राहिले पुठ्ठे, एक कांबळं, मेसटिन आणि रिकामा स्टोव्ह.

०७३० ला वायरलेस सेटवर निरोप आला: हवा खराब, चॉपर उद्या. ०८१५ ला सुभेदार साहेबांनी सांगितलं की मग आज लिंक पेट्रोल जाईल. मी, मन्मथ, सेटवर शेळके आणि चौथा जाधव.

मन्मथ पिठ्ठूपाशी उभा होता.

"ह्यो उघडून भरू का?" त्याने विचारलं. "बॅगा तर कॉटवरच हायत."

"चार-पाच तासांचं काम हाय. उद्या चॉपर आलं तर परत पुठ्ठे कोण लावणार बे? मला तीन तास लागलेत."

"आन काय लागलं तर?"

"कावून लागंल? रोज जातो की आपण. उचल तसाच."

त्याने उचलला. वर म्हणाला, "लई हलका हाय रे. रोज आसाच दे." जाधव हसला. मीही हसलो. माझ्या आयुष्यात मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य असतं तर बरं झालं असतं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं आहे. नुसतं वाटण्याला काही किंमत नसते.

०९०५ ला निघालो. ११४० ला पलीकडची माणसं भेटली. बिडी झाली, दोन शब्द झाले, ११५० ला मागे फिरलो. १२३५ ला ढग खाली उतरला. १३१० ला वारा सुटला आणि समोर पांढऱ्याशिवाय काही दिसेना. पुढचा माणूस दिसत नाही, आपला हात दिसत नाही, जमीन कुठे संपते ते कळत नाही. दोर बांधून पावलापावलाने निघालो. १३२५ ला नाला ओलांडताना मन्मथच्या पायाखालचा बर्फ फुटला आणि तो मांडीपर्यंत पाण्यात गेला. मिनिटाच्या आत आम्ही त्याला ओढून काढला. एका मोठ्या दगडाच्या आड चौघे बसलो. शेळकेने सेटवर मन्मथ भिजल्याचं पोस्टला कळवलं. पोस्ट तिथून दीड किलोमीटर. वाट कड्याच्या काठाने. त्या वाऱ्यात भिजलेला माणूस घेऊन आम्ही तिघांनी निघणं म्हणजे चौघांनी जाणं.

पिठ्ठू उघडला. शेळके आणि जाधव आत बघत राहिले. आत खोक्याचे पुठ्ठे होते आणि त्यावर रेशनची छापील अक्षरं होती.  मन्मथची ओली पँट आणि बूट उतरवले. माझ्या पायातले मोजे काढून त्याला घातले, कांबळं गुंडाळलं, पुठ्ठे खाली घातले आणि मी त्याला पाठीमागून माझ्या छातीशी धरून बसलो. नंतर माझ्या डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. लोकांना ती दाखवली की ते हळहळतात. हळहळण्यासारखं त्यात काही नाही.

१३५० ला सेटवर सुभेदार साहेब आले.

"टू अल्फा, सर्व्हायव्हल पिठ्ठू खोला? ओव्हर."

"खोला साब. ओव्हर."

"लड़के को स्लीपिंग बैग में डाला?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. 'नहीं साब, बैग पोस्ट पर है.' एवढे पाच-सहा शब्द. पण ते बोललो असतो तर सगळ्या पोस्टने ऐकलं असतं की कंपनीत पिठ्ठू सगळ्यात सुबक लावणाऱ्या नायकाने आत पुठ्ठे भरून पेट्रोल बाहेर काढली. मला लाज वाटली, आणि भीती. शत्रूची नाही, मरणाची नाही, लेआउटची.

"डाल दिया साब," मी म्हणालो.

"स्टोव्ह?"

"चालू है साब. ओव्हर."

शेळके माझ्याकडे बघत होता. मन्मथचे दात वाजत होते, तरी तो हसला.

"चालू हाय तर मग चहा टाक की बे," तो म्हणाला.

सेटवर सुभेदार साहेबांचा आवाज आला. "ठीक है. वहीं बैठो. पार्टी तैयार खड़ी है. हवा रुकते ही भेजता हूँ. आउट."

त्यांचं बरोबर होतं. माणूस स्लीपिंग बॅगेत आहे, स्टोव्ह पेटलेला आहे, मग आणखी सहा जणांचा जीव त्या वाऱ्यात कशाला घालायचा? कोणताही शहाणा माणूस तेच करेल. त्यांनी माझ्या शब्दावर निर्णय घेतला. पुढच्या अडीच तासांत सेट माझ्या हाताशी होता. बटण दाबून कधीही सांगता आलं असतं. मी दर दहा मिनिटांनी ठरवत होतो की आता सांगतो. आणि आता सांगितलं तर मघाशी खोटं बोललो हे कळेल, म्हणून पुन्हा थांबत होतो. शेळकेने एकदा सेटकडे हात नेला. मी रँक दाखवून तो मागे घ्यायला लावला. हेही मीच केलं.

दोन पुठ्ठे पेटवून बघितले. ओले होते. धूर झाला आणि विझले.

१५०० च्या सुमाराला मन्मथचं कापणं थांबलं. जाधवला वाटलं की त्याला बरं वाटतंय. मला माहीत होतं की तसं नसतं. त्यानंतर तो कांबळं बाजूला सारू लागला. "लई उकडतंय, दार उघडा," म्हणत होता. मग घरचं बोलू लागला. पोतं आत घ्या, गिऱ्हाईक थांबलंय. १५५० ला वारा पडला. १६०० ला पार्टी निघाली. मन्मथ १६२० ला गेला. १६४५ ला पार्टी पोचली. त्यांच्याजवळ चार स्लीपिंग बॅग, दोन थर्मास आणि पेटता स्टोव्ह होता.

सुभेदार साहेब स्वतः पार्टीत होते. त्यांनी पुठ्ठे बघितले, स्टोव्ह उचलून हलवून बघितला.  तीन दिवसांनी मला एकट्याला बोलावून म्हणाले, "सच बोलता तो मैं दो बजे निकलता. हवा में ही निकलता." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी कामाशिवाय एक शब्द बोलले नाहीत. मला ते योग्य वाटलं.

चौकशी झाली. मी सगळं कबूल केलं, तसं करण्यात काही मोठेपणा नव्हता कारण तीन साक्षीदार होते. सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक ताकीद मिळाली, सीनिऑरिटी गेली. एवढंच. पुढे मी हवालदारही झालो. चौकशीचे कागद माणसाच्या घरी जात नाहीत. घरी गेला तो निरोप: बर्फात गस्त घालताना वीरमरण. आणि शवपेटीसोबत मी गेलो, एका जिल्ह्याचा म्हणून.

घाटनांदूरला रस्त्यावर माणूस मावत नव्हता. एकापाठोपाठ एक पुढारी भाषण करून गेले. ज्यांना बर्फ म्हणजे रसवंतीतला एवढाच माहीत होता, ते मन्मथ शेवटच्या श्वासापर्यंत कसा झुंजला हे सांगत होते. मी शेजारी सावधान उभा होतो. लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात. पेटीतून काढून त्याला खड्ड्यात बसवलं तेव्हा मान एका बाजूला जात होती. त्याचे वडील काशिनाथ आप्पा सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तू धर त्याला, माणिक. तिथं तूच धरला व्हतास." मी खड्ड्यात उतरलो आणि त्याचे खांदे धरून बसलो. वरून बेल, विभूती, मग माती. छातीपर्यंत आल्यावर मला हात देऊन वर काढलं.

त्यानंतर पंधरा वर्षं मी त्या तारखेला घाटनांदूरला जात राहिलो. आप्पा मला लोकांत मिरवायचे. "माझ्या पोराला शेवटपर्यंत धरून बसलेला ह्यो मानूस." मन्मथची बायको पहिलं ताट मला वाढायची. मी जेवायचो. माझ्याइतका कोडगा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत.

हे एवढं मी कपिलधारला सांगितलं.  डॉक्टरांनी जॅकेट काढून मांडीवर घेतलं होतं. मला वाटलं, बरी अद्दल घडवली. आता हे उशा भरणार नाहीत.

सुरेखाबाई म्हणाल्या, "त्यायच्या घरी माहीत हाय का हे?"

"न्हाई."

"मग आमाला कावून सांगितलं?"

मी म्हणालो, तुम्ही बर्फात चाललात म्हणून.

"ते ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पण तुमी आमाला सांगून मोकळं व्हायलात. आमी कोन हाव त्याचे?"

दिवसभर ज्यांच्या बॅगा मी उलट्या केल्या त्यांच्यातल्या एकीने माझी बॅग उलटी केली. मला त्यांचा राग आला. घरी येऊन म्हशींना वैरण टाकताना तो टिकेना. सोमवारी सकाळची एसटी धरून मी घाटनांदूरला गेलो. तारीख नव्हती, तरी.

आप्पा दुकानात होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण गल्ल्यावर स्वतः बसतात.

"आज कसा काय?" ते म्हणाले. "बस."

मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. मध्ये एक बाई साबुदाणा घ्यायला आली. आप्पांनी अर्धा किलो मोजून पुडी बांधली, ती गेल्यावर म्हणाले, "हां, पुढं." मी पुठ्ठे सांगितले. मन्मथने विचारलेलं सांगितलं. सेटवर काय बोललो ते शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही. झाल्यावर त्यांनी प्रश्न विचारले. तेव्हा मला कळलं की मन्मथला ती सवय कुठून होती.

"सायबाला खोटं किती वाजता सांगितलंस?"

"एक पन्नासला."

"आन पोरगं कवा गेलं?"

"चार वीसला."

"आडीच तास." त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "दीड किलोमीटर म्हनलास. म्हंजी हितून टेशनाच्या थोडं पुढं."

"हां आप्पा."

"सायब आला आसता?"

"आला असता. वाऱ्यातच आला असता. तसं म्हणाला मला."

"तवा कावून न्हाई बोललास? त्याला खाली बसवला तवा?"

"भ्यालो."

"आन पंधरा वर्सं?"

 याला उत्तर एवढंच की त्या घरात मला मान मिळत होता आणि तो सोडवत नव्हता. मी तेही सांगितलं. सांगताना मला माझीच किळस आली. आप्पांनी मान हलवली, जणू उधार मागणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल त्यांचा अंदाज खरा निघाला होता.

मग त्यांनी आत हाक मारली. "सुने, माणिक आलाय. ताट कर."

मी नको म्हणालो. "बारा वाजलेत," ते म्हणाले. "दारात आलेला मानूस उपाशी जात न्हाई हितून. बस."

मन्मथची बायको सगळं आतून ऐकत होती. तिने ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. दरवेळी ती अजून घ्या, अजून घ्या म्हणते. त्या दिवशी काही बोलली नाही. भाकरी संपली तेव्हा दुसरी आणून ठेवली आणि आत गेली. मी खाली मान घालून सगळं संपवलं. टाकायची माझी लायकी नव्हती.

हात धुऊन बाहेर आलो. आप्पा गल्ल्यावरून उठून उंबऱ्याशी आले होते.

"खरं सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "आता पुढच्या साली यिऊ नको, माणिक."

"बरं आप्पा."

"त्याची याद काढायला आमी हाय."